कोरोनावर वाद घालायचा तर तयारी कशी करावी

वादविवाद स्पर्धेच्या तयारीला माझ्याकडे येणारी मुलं कोरोनाचा विषय निघाला की हमखास दोन गटांत विभागली जातात. एका गटाच्या मते विषाणू प्रयोगशाळेतून सुटला, आजाराचा बाऊ केला गेला आणि शाळा उगाच बंद ठेवल्या. दुसऱ्याच्या मते विषाणू प्राण्यांच्या बाजारातून आला, आजार भयंकर होता आणि शाळा बंद ठेवल्या तेच बरं झालं. मी दोघांनाही एकच विचारते: या तीन मतांचा एकमेकांशी संबंध काय? विषाणू वटवाघळातून आला की प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमधून, यावरून पाचवीचा वर्ग कधी भरवायचा हे कसं ठरतं? अजिबात ठरत नाही. तरी तिन्ही मतं एकाच गाठोड्यात येतात, कारण ती एकाच माणसांकडून ऐकलेली असतात.

म्हणून पहिलं काम गाठोडं सोडायचं. वहीचे तीन भाग करा: उगम, तीव्रता, शाळा. उगम हा एकदाच घडून गेलेल्या घटनेचा प्रश्न आहे, तिथे पुरावा लागतो. तीव्रता हा मोजणीचा प्रश्न आहे, तिथे अंशाखाली छेद कोणता घेतलाय ते बघावं लागतं. शाळा हा निर्णय आहे. सगळे आकडे हातात आले तरी त्यातून उत्तर आपोआप पडत नाही, कुणाचं किती नुकसान चालवून घ्यायचं हे माणसांनाच ठरवावं लागतं. मंचावर मी पाहिलेले कोरोनावरचे बहुतेक वाद बिघडतात ते एका भागाचं उत्तर दुसऱ्या भागात चिकटवल्यामुळे.

सुरुवात तीव्रतेपासून करा

मुलांना उगमावर बोलायचं असतं, कारण त्यात रहस्यकथा आहे. मी मात्र आधी तीव्रतेला बसवते. मी संख्याशास्त्र शिकवते म्हणून असेलही, पण या भागात बरंच काही आता ठरलेलं आहे आणि हिशोबाची सवय इथेच लागते.

३ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी जगभरात नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३.४ टक्के दगावल्याचं सांगितलं. आकडा बरोबर होता. लोकांनी त्याचा अर्थ घेतला की लागण झालेल्या शंभरातले तीन-चार मरतात. पण छेदात होते ‘नोंदलेले रुग्ण’, आणि तेव्हा चाचणी बहुतेक ठिकाणी जास्त आजारी असलेल्यांचीच होत होती. ज्यांना दोन दिवस कणकण आली आणि गेली ते छेदात नव्हतेच. तेव्हा वहीत दोन वेगळे रकाने आखा: रुग्णांमागे मृत्यू आणि संसर्गांमागे मृत्यू. समोरच्याने टक्केवारी फेकली की आधी विचारा, कशामागे?

आता उलट्या बाजूची गफलत. हे उदाहरण मी फळ्यावर सावकाश सोडवून घेते. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३,३३० लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा, शोधल्या. ५० जण पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे दीड टक्का. काउंटीच्या लोकसंख्येशी आकडे जुळवून त्यांनी मांडलं की तिथे ४८ ते ८१ हजार लोकांना संसर्ग होऊन गेला असावा, नोंदलेल्या रुग्णांच्या ५० ते ८५ पट. छेद एवढा फुगल्यावर मृत्युदर खाली येणारच. ‘हा तर फ्लूच’ म्हणणाऱ्यांनी हा प्रीप्रिंट, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच मांडलेला शोधनिबंध, डोक्यावर घेतला.

कागद घ्या आणि करून बघा. चाचणी किती भरवशाची हे तपासायला त्यांच्याकडे साथीच्या आधीचे, म्हणजे नक्की निगेटिव्ह असलेले ४०१ नमुने होते. त्यातले २ चाचणीने चुकून पॉझिटिव्ह दाखवले. ४०१ मध्ये २ म्हणजे अर्धा टक्का. त्याच दराने ३,३३० जणांत सोळा-सतरा पॉझिटिव्ह खोटे निघणार. ५० मधून ते वजा केले तरी तेहेतीस उरतात, ठीक आहे. पण ४०१ मध्ये २ ही फार बारीक मोजणी झाली. चाचणी खरोखर ४०१ मागे ६ वेळा चुकणारी असेल आणि या नमुन्यांत योगायोगाने २ च चुका दिसल्या असतील तर? ६ म्हणजे दीड टक्का. आणि ३,३३० चा दीड टक्का म्हणजे ५०. सगळेच्या सगळे पॉझिटिव्ह खोटे असण्याइतकी फट त्या चाचणीत होती. खोटे होतेच असं मी म्हणत नाही, पण ते नाकारता येत नव्हतं. शिवाय लोक फेसबुकवरच्या जाहिरातीतून बोलावले होते. खोकला होऊन गेलेला माणूस अशा जाहिरातीला जरा जास्तच उत्साहाने प्रतिसाद देतो. लेखकांनी नंतर जास्त नमुने घेऊन आकडे सुधारले, अनिश्चितता वाढवून मांडली. पण तोवर मूळ आकडा जगभर फिरून आला होता.

हा हिशोब स्वतःच्या हाताने केलेला मुलगा पुन्हा कुठल्याही सर्वेक्षणाला पटकन मान डोलवत नाही.

तीव्रतेत दुसरी गोष्ट वय. संपूर्ण लोकसंख्येसाठी एकच मृत्युदर सांगणाऱ्या वक्त्याला तिथेच अडवा. २०२० मध्ये अनेक देशांचे अभ्यास एकत्र करून लेविन आणि सहकाऱ्यांनी काढलेले, लशी येण्यापूर्वीचे अंदाज पाठच करून ठेवा: संसर्ग झाल्यास मृत्यूची शक्यता १० व्या वर्षी ०.००२ टक्के, ५५ व्या वर्षी ०.४ टक्के, ७५ व्या वर्षी ४.६ टक्के, ८५ व्या वर्षी १५ टक्के. दहा वर्षांचं मूल आणि पंच्याऐंशीचे आजोबा यांच्यात हजारो पटींचा फरक. ‘साधा ताप’ म्हणणारा आणि ‘साक्षात यम’ म्हणणारा, दोघंही आपापल्या घरातल्या वयाबद्दल खरं बोलत असतात.

मृत्यूंच्या दाखल्यावर काय लिहिलं यावरून भांडण सुरू झालं, ‘कोरोनाने की कोरोनासह’ वगैरे, तर त्यातून बाहेर पडायची वाट म्हणजे अतिरिक्त मृत्यू. नेहमीच्या वर्षांवरून जेवढे मृत्यू अपेक्षित होते त्यापेक्षा किती जास्त झाले, एवढंच बघायचं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून जगात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. याच दोन वर्षांत कोरोनाचे म्हणून नोंदलेले मृत्यू सुमारे ५४ लाख होते. भारतासाठी अंदाज ४७ लाखांचा होता, सरकारी नोंद ४.८ लाखांच्या आसपास, आणि भारत सरकारने संघटनेच्या पद्धतीवर जाहीर आक्षेप घेतला. बोलताना अंदाजही सांगा, आक्षेपही सांगा. शिवाय दवाखाना वेळेवर न मिळाल्याने गेलेले हृदयरोगीही अतिरिक्त मृत्यूंत मोजले जातात, हे समोरच्याने सांगण्याआधी तुम्ही सांगून टाका. आयतं हत्यार कशाला द्यायचं?

भाकितांबद्दल थोडक्यात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या १६ मार्च २०२० च्या अहवालात ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख मृत्यूंचा आकडा होता. ‘कुठे मेले एवढे?’ हा टाळ्यांचा प्रश्न. पण अहवालातला तो आकडा होता कुणीच काही केलं नाही आणि लोकांनीही वागणं बदललं नाही तर काय, याचा. भाकीत सांगताना त्यातला ‘जर’ गाळणाऱ्याचे मी सरावात गुण कापते, मग तो कुठल्याही बाजूने बोलत असो.

उगम: आधी दावा फोडा

‘लॅब-लीक’ हा एक दावा नाही, तीन आहेत. एक, हे मुद्दाम बनवलेलं जैविक अस्त्र होतं. दोन, संशोधनासाठी विषाणूत फेरफार केला आणि तो चुकून बाहेर पडला. तीन, निसर्गातून गोळा केलेला विषाणू जसाच्या तसा हाताळताना किंवा गुहेत नमुने घेताना संशोधकाला लागण झाली. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी २०२१ मध्येच जैविक अस्त्राची शक्यता बाद ठरवली. उरलेल्या दोहोंना लागणारे पुरावे वेगवेगळे आहेत. बाजाराच्या बाजूलाही असेच दोन दावे लपलेले असतात: विषाणू वुहानच्या हुआनान बाजारात प्राण्यातून माणसात आला, की आधीच माणसांत असलेला विषाणू त्या गर्दीत फक्त पसरला? वादाला उभं राहताना आपण यातलं नेमकं काय म्हणतोय ते एका वाक्यात लिहा. ते लिहिता आलं नाही तर अजून तयारी झालेली नाही.

मग चाळणी लावा. प्रत्येक पुराव्यापुढे लिहा: समोरची बाजू खरी असती तरी हे असंच दिसलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं तर पुरावा काटून टाका.

या चाळणीतून काय काय गळतं बघा. ‘चीनने माहिती दडवली.’ दडवलीच. पण बेकायदा वन्यप्राण्यांचा धंदा झाकायचा असता तरी दडवली असती आणि प्रयोगशाळेतला अपघात झाकायचा असता तरी. काटा. ‘नात्यातले विषाणू चीनच्या युनान प्रांतातल्या वटवाघळांत, मग रोग हजार-दीड हजार किलोमीटर लांब वुहानमध्ये कसा?’ ऐकायला बिनतोड. पण त्या वाटेने संशोधकही ये-जा करत होते आणि प्राण्यांचा व्यापारही चालत होता. शिवाय २००२-०३ चा सार्स, म्हणजे अशाच कोरोनाविषाणूचा आधीचा आजार, दक्षिण चीनच्या ग्वांगडाँगमध्ये उद्भवला आणि त्याच्या जवळचे विषाणू पुढे सापडले ते युनानच्याच गुहेत. काटा, निदान कडेला ठेवा. ‘असं कधी घडतच नाही’ हे वाक्य तर दोन्ही बाजूंना बंद. सार्स उदमांजरासारख्या प्राण्यांमार्फत बाजारातून माणसांत आला, आणि तोच सार्स २००३-०४ मध्ये सिंगापूर, तैपेई आणि बीजिंगच्या प्रयोगशाळांतून संशोधकांना लागला.

एवढं काटल्यावर वहीत थोडंच उरतं, पण ते कसदार असतं.

बाजाराच्या रकान्यात २०२२ चं शास्त्रज्ञ मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांचं विश्लेषण येतं. डिसेंबर २०१९ मधल्या ज्या १५५ रुग्णांची घरं नकाशावर दाखवता आली, ती हुआनान बाजाराभोवती दाटलेली होती. आणि खरी मेख अशी की ज्यांचा बाजाराशी काही संबंध सापडला नव्हता तेही बाजाराजवळच राहत होते. बाजारातल्या ज्या भागात जिवंत प्राणी विकले जात तिथल्या जागा पुसून घेतलेल्या नमुन्यांत विषाणू सापडला, आणि २०२३ मध्ये कळलं की त्यातल्या काही नमुन्यांत रकून डॉग या कोल्ह्याच्या कुळातल्या प्राण्याचा जनुकीय अंशही होता. आक्षेपही तिथेच लिहा: सुरुवातीला रुग्ण शोधताना बाजाराशी संबंध हा निकष होता, त्यामुळे शोध तिकडे झुकला असेल. आणि संसर्ग झालेला प्राणी आजवर सापडलेला नाही. १ जानेवारी २०२० ला बाजार बंद झाला तेव्हा विक्रीतल्या जिवंत प्राण्यांची तपासणी झालीच नाही.

प्रयोगशाळेच्या रकान्यात पहिलं म्हणजे वुहान इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी त्याच शहरात आहे आणि वटवाघळांच्या कोरोनाविषाणूंवर तिथे मोठं काम चाले. दुसरं, २०१८ मध्ये इकोहेल्थ अलायन्स या अमेरिकी संघटनेने वुहानच्या या संस्थेला सोबत घेऊन अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पाकडे ‘डिफ्यूज’ नावाचा प्रस्ताव दिला होता. अशा विषाणूंत फ्युरिन क्लीव्हेज साइट (पेशीत शिरायला विषाणूला मदत करणारा तुकडा) बसवून बघण्याचा विचार त्यात होता, आणि नव्या विषाणूच्या जवळच्या भावंडांत न सापडणारी नेमकी तीच गोष्ट नव्या विषाणूत आहे. आक्षेप: डार्पाने प्रस्ताव फेटाळला, ते काम झाल्याचा पुरावा समोर आलेला नाही आणि लांबच्या इतर कोरोनाविषाणूंत अशी साइट निसर्गतःच आढळते. वुहानच्या संस्थेकडचा म्हणून ज्याचं नाव सतत घेतलं जातं तो आरएटीजी-१३ हा वटवाघळातला विषाणू नव्या विषाणूशी ९६.२ टक्के जुळतो. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं की मग! पण ३० हजार अक्षरांच्या जनुकसंचात ३.८ टक्के म्हणजे अकराशेच्या वर फरक. त्यापासून हा विषाणू बनवला म्हणणं टिकत नाही. आणि २०२१ मध्ये लाओसच्या वटवाघळांत त्याहून जवळचा, ९६.८ टक्के जुळणारा सापडला.

‘शास्त्रज्ञ म्हणतात’ हे वाक्य या विषयात तारखेशिवाय वापरू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या शास्त्रज्ञांच्या निवेदनाने नैसर्गिक उगमाखेरीज बाकी सगळ्याला षड्‌यंत्राच्या कल्पना म्हणून टाकलं. ते जुळवून आणणारे पीटर दाझाक हे त्याच इकोहेल्थचे प्रमुख होते आणि त्यांचे हितसंबंध लॅन्सेटने जून २०२१ मध्ये पुरवणी देऊन नोंदवले. ३० मार्च २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटना आणि चीनच्या संयुक्त अहवालाने प्रयोगशाळा ‘अत्यंत असंभाव्य’ म्हटलं आणि त्याच दिवशी टेड्रोस म्हणाले की सगळ्या शक्यता अजून खुल्या आहेत. मे २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ शास्त्रज्ञांनी दोन्ही शक्यतांचा नीट तपास मागितला. त्या पत्रावर वोरोबींची सही होती, हे विसरू नका. पुढे पुरावा बघून ते बाजाराकडे वळले. जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने उपलब्ध पुराव्याचं पारडं प्राण्यांतून आलेल्या संसर्गाकडे झुकतं असं सांगितलं, पण चीनकडून मागितलेली माहिती मिळालेली नाही आणि प्रयोगशाळेची शक्यता तपासता किंवा नाकारता येत नाही, हेही लिहिलं.

गुप्तचर यंत्रणांचं तर विशेषणासकटच उद्धृत करा. एफबीआयने प्रयोगशाळेकडे ‘मध्यम’ खात्रीने बोट दाखवलं, अमेरिकी ऊर्जा खात्याने आणि जानेवारी २०२५ मध्ये सीआयएने ‘कमी’ खात्रीने. चार यंत्रणा ‘कमी’ खात्रीनेच नैसर्गिक उगमाच्या बाजूला होत्या. मथळ्यांत खात्री राहते आणि ‘कमी’ गळतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर पारडं बाजाराकडे झुकलेलं आहे, पण मी त्यावर पैज लावणार नाही.

शाळा: प्रस्तावात तारीख नसेल तर मागून घ्या

‘शाळा उघडायला हव्या होत्या’ हा प्रस्ताव अर्धवट आहे. केव्हा? एप्रिल २०२० मध्ये, जेव्हा मुलं विषाणू किती पसरवतात हे कुणालाच धड माहीत नव्हतं, की शिक्षकांना लशी मिळाल्यानंतर? कुठल्या वयाची मुलं? वर्गात किती? शाळेबाहेर साथ किती पसरलेली? एप्रिल २०२० मध्ये १९० हून अधिक देशांतल्या सुमारे दीड अब्ज विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या, आणि त्यानंतर प्रत्येकाने वेगळ्या तऱ्हेने उघडल्या. म्हणून ‘उघडल्या तर काय झालं’ याचं उत्तर एक नाही.

डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला आधी लहान मुलांना, छोटे गट करून बोलावलं. मोठा उद्रेक झाला नाही. इस्राएलने मे महिन्यात पूर्ण वर्ग भरवले, एकेका वर्गात ३५ ते ३८ मुलं. उष्णतेची लाट आली, मास्कची सक्ती काढली गेली, एसी चालू, आणि जेरुसलेममधल्या एका माध्यमिक शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित झाले. एक वक्ता डेन्मार्क सांगतो, दुसरा इस्राएल, आणि श्रोत्यांना वाटतं दोघांपैकी एक खोटं बोलतोय. त्यांना दोन्ही वर्ग दाखवा, आकारासकट.

स्वीडनचं नाव कुणीतरी काढणारच, तेव्हा त्याचे दोन्ही तुकडे जवळ ठेवा. सोळा वर्षांखालच्यांच्या शाळा तिथे चालू राहिल्या. २०२० च्या वसंतात साडेएकोणीस लाख मुलांपैकी १५ अतिदक्षता विभागात गेली, मृत्यू एकही नाही. हा पहिला तुकडा सगळे सांगतात. दुसरा असा की शाळेत जाऊन शिकवणाऱ्या माध्यमिक शिक्षकांना, ऑनलाइन शिकवणाऱ्या उच्च माध्यमिक शिक्षकांच्या तुलनेत, संसर्ग सुमारे दुप्पट झाला. मुलांचा धोका आणि मोठ्यांचा धोका ही दोन वेगळी खाती आहेत. तिसरं खातं शिक्षणाचं. नेदरलँड्समध्ये शाळा आठच आठवडे बंद होत्या, घरोघरी इंटरनेट होतं, तरी सरासरी मूल सुमारे तीन पर्सेंटाइल, म्हणजे शंभरांच्या क्रमवारीत तीनेक जागा, मागे पडलं. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त होतं.

बाजू बदलताना लोक पुराव्यापेक्षा माणसं बघतात, याचा नमुना अमेरिकेत सापडतो. जून २०२० च्या अखेरीस तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मुलांनी शाळेत प्रत्यक्ष हजर राहावं असा जोरदार आग्रह धरला. ६ जुलैला ट्रम्प यांनी शाळा उघडल्याच पाहिजेत असं ट्विट केलं. १० जुलैला अकादमीने शिक्षक संघटनांसोबत निवेदन काढलं, निर्णय विज्ञानावर व्हावा, राजकारणावर नव्हे. वैद्यकीय माहिती त्या चार दिवसांत फारशी बदलली नव्हती.

शाळेच्या भागासाठी मी एक वाक्य लिहून घेते, त्यावाचून कुणाला मंचावर सोडत नाही: ‘माझा निर्णय मानला तर अमुक लोकांचं अमुक नुकसान होईल आणि ते मला मान्य आहे.’ शाळा उघडायच्या म्हणणाऱ्याने साठीच्या शिक्षिकेचं नाव घ्यायचं. बंद ठेवायच्या म्हणणाऱ्याने एका खोलीत पाच माणसांसोबत राहणाऱ्या, वाचायला नुकतंच शिकलेल्या मुलाचं. ‘कुणाचंच नुकसान होणार नाही’ असं लिहून आणलं तर वही परत देते आणि सरावात त्या मुलाला विरुद्ध बाजूने उभं करते. पुढच्या वेळी तो वाक्य घेऊन येतो.